पर्ल जॅमचा 'टेन': गायक भेटायच्या आधीच जमलेली गाणी

नमस्कार मंडळी! पहिला अल्बम म्हटलं की नवखी पोरं, गॅरेज, उसन्या गिटारी असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. सिएटलच्या पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचा 'टेन' त्यातला नाही. बँडचा गिटारवाला स्टोन गॉसर्ड आणि बेसवाला जेफ अमेंट हे सिएटलमध्ये आधीच मुरलेले गडी. त्यांच्या आधीच्या 'मदर लव्ह बोन' या बँडचा अल्बम यायच्या तोंडावर, मार्च १९९० मध्ये, गायक अँड्र्यू वुड हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. बँडही तिथेच संपला.

मग गिटारवाला माइक मॅक्रेडीला सोबत घेऊन त्यांनी एक कॅसेट भरली. नुसतं वाजवलेलं, शब्द एकही नाही. ती ड्रमर जॅक आयर्न्समार्फत सॅन डिएगोत, पुढे पर्ल जॅमचा गायक झालेल्या एडी वेडरकडे पोचली. हा पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचा आणि वेळ मिळाला की सर्फिंग. लाटांवर असतानाच त्याला शब्द सुचले. तीन गाणी गाऊन त्याने कॅसेट परत धाडली. बँडला तोवर त्याचं तोंडही माहीत नव्हतं!

त्यातलं एक 'अलाइव्ह'. आपण ज्याला बाप समजतो तो सावत्र, आणि खरा बाप केव्हाच वारला, हे पोराला आईकडून कळतं. वेडरच्या घरात हे खरंच घडलेलं. गाण्यात जिवंत राहणं हा त्याच्या लेखी शाप होता. पब्लिकने मात्र ते हात उंचावून, जल्लोषात म्हणायला घेतलं. गंमत आहे ना?

रेकॉर्डिंग सिएटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत, मिक्सिंग इंग्लंडमध्ये. तिथे 'ओशन्स'साठी तालवाद्य हाताशी नव्हतं, म्हणून मिक्सिंग करणाऱ्या टिम पामरने मिरपुडीची डबी हलवली आणि आग विझवायचं नळकांडं वाजवलं. आता लक्ष देऊन ऐका, सापडेल.

२७ ऑगस्ट १९९१ ला अल्बम आला आणि सुरुवातीला फारसं कुणी विचारलंच नाही. महिन्याभराने सिएटलच्याच वर्तुळातल्या 'निर्वाणा' बँडचा 'नेव्हरमाइंड' आला, सिएटलकडे सगळ्यांचे कान वळले. 'टेन' चढत चढत १९९२ मध्ये बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत दुसऱ्या नंबरला पोचला. पुढे अमेरिकेत १३ वेळा प्लॅटिनम (दहा लाख प्रतींना एक)! आणि अल्बमचं नाव 'टेन' का? बँडचं आधीचं नाव होतं मूकी ब्लेलॉक, एका बास्केटबॉलपटूवरून. त्याचा जर्सी नंबर १०.

बँडला स्वतःला यातला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, जास्त वाटायचा. २००९ मध्ये निर्माता ब्रेंडन ओब्रायनने तो कमी करून नवं मिक्स काढलं. गिटारी स्वच्छ ऐकू येतात, कबूल. पण 'ब्लॅक' या गाण्याच्या शेवटी वेडरचा आवाज लांबून घुमत येतो, तो मला जुन्यातच हवा.