भुई न धोपटता

(दृश्य : इंग्लंडमधील एका दुमजली घराचा जिना. पहाट. वरच्या खोलीतून येणारा पिवळसर प्रकाश.)

ऑक्टोबर महिन्यातील एका सोमवारी सकाळी सहा वाजता या घरातील चौदा वर्षांच्या मुलीला जाग आली, तेव्हा तिच्या टेबलाशेजारी असलेल्या लाकडी पेटीची पुढची काच दोन बोटे सरकलेली होती. काचेच्या फटीत बसवायचे कुलूप टेबलावरच राहिले होते. पेटीत दिवा चालू होता, पाण्याचे भांडे जागेवर होते आणि चार वर्षे तिच्याकडे असलेला ‘मका’ नावाचा साप मात्र दिसत नव्हता.

मका हा कॉर्न स्नेक जातीचा साप आहे. ही जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातील असून पूर्णपणे बिनविषारी आहे. तिच्या पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले असे काही जण मानतात, तर मक्याच्या कणग्यांजवळ उंदरांच्या मागावर हे साप नेहमी आढळत म्हणून ते पडले असे इतरांचे म्हणणे आहे. शांत स्वभाव, मध्यम लांबी आणि पंधरा ते वीस वर्षांचे आयुष्य यांमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये त्याचा क्रमांक बराच वरचा लागतो. निसटण्याच्या बाबतीतही तो मागे नाही. रात्री पेटीच्या कडेकडेने नाक दाबत फिरायचे आणि जिथे काही हलेल तिथे जोर लावायचा, हा त्याचा नित्यक्रम असतो. तीनशे रात्री काहीच हलत नाही, आणि एखाद्या रात्री कुलूप लावायचे राहून जाते.

(दृश्य : मुलीचे आईवडील दाराशी उभे. दाराखालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल.)

मूळचे साताऱ्याकडचे असलेले हे कुटुंब बारा वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहते. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी जे केले, ते बहुतेक घरांत होते तेच होते. पलंग ओढला गेला, कपाटे सरकवली गेली, जिन्यावरून धावपळ झाली. साप साप म्हणून भुई धोपटणे हा आपल्याकडचा वाक्प्रचार सहसा उगाच केलेल्या कांगाव्यासाठी वापरला जातो. येथे तो शब्दशः खरा ठरला आणि शब्दशः हानिकारकही. सापाला बाहेरचा कान नसतो, परंतु जमिनीतील कंप जबड्याच्या हाडावाटे त्याच्या आतील कानापर्यंत नेमके पोहोचतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर हवेतून आलेल्या आवाजालाही साप प्रतिसाद देतात, आणि त्यांतील बऱ्याच जाती आवाजापासून दूर जातात, असे दिसून आले. म्हणजे आपण जितके धोपटू, तितका तो आत सरकतो आणि निपचित राहतो.

धावपळ थांबल्यावर मुलीने स्वतःच योग्य क्रम धरला. आधी खोलीचे दार बंद करून खालची फट टॉवेलने बुजवली आणि मग पेटीच तपासली. हे ऐकायला विचित्र वाटते, पण हरवलेला म्हणून घोषित झालेला साप पेटीतल्याच लाकडी भुश्याखाली, सालीच्या पोकळ तुकड्यात किंवा दिव्याच्या जाळीमागे वेटोळे घालून बसलेला सापडणे ही नवलाची गोष्ट नाही. मका तिथे नव्हता. मग खोली.

साप शोधताना माणसाची नजर मोकळ्या जागांवरून फिरते, कारण आपण स्वतः मोकळ्या जागेत वावरतो. सापाला मात्र पाठ आणि पोट दोन्ही कशाला तरी टेकलेली हवी असतात. त्यामुळे तो खणात नसतो, खणाच्या मागे असतो. पुस्तकांवर नसतो, पुस्तकांच्या रांगेमागील दोन इंचांच्या बोळात असतो. सोफ्यावर नसतो, सोफ्याच्या तळाशी ठोकलेल्या पातळ कापडाला एखादे भोक पडलेले असेल तर त्यातून वर स्प्रिंगांमध्ये गेलेला असतो. जिथून त्याचे डोके जाते तिथून सहसा बाकीचे अंगही जाते. एक मीटरपेक्षा थोडा लांब आणि अंगठ्याएवढा जाड असलेल्या मक्याचे डोके अंगापेक्षा बरेच निमुळते होते, आणि त्याने सहा दिवसांत काही खाल्लेले नसल्यामुळे पोटात फुगवटाही नव्हता.

त्या सकाळी वडिलांनी घरात दोन नियम लावून दिले. पाठ मागे कलणारी खुर्ची कोणीही हलवायची नाही, कारण तिच्या सांगाड्यात शिरलेला साप चिरडला जातो. आणि कपडे धुण्याचे यंत्र लावण्यापूर्वी त्यातील कपडा न् कपडा झटकून पाहायचा. दुसरा नियम आईने स्वतःहून अधिक कडक केला आणि यंत्राला तीन दिवस हातच लावला नाही.

(दृश्य : गरम पाण्यावर खोली तापवणारा भिंतीवरील रेडिएटर. त्याच्या तळाशी जमिनीत शिरणारे दोन नळ.)

सोमवारची रात्र थंड होती. ब्रिटिश घरांत तापवण्याची यंत्रणा बहुधा घड्याळावर चालते आणि रात्री बंद होते. पहाटेपर्यंत खोल्या पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतात. कॉर्न स्नेकच्या पेटीत उबेची बाजू अठ्ठावीस ते तीस अंश सेल्सियस ठेवावी लागते, कारण साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. त्याचे चालणे, पचवणे आणि रोगाशी लढणे या सगळ्यालाच बाहेरची ऊब लागते. मग प्रश्न असा उरतो की पहाटे तीन वाजता या घरात अठ्ठावीस अंश कुठे आहेत? फ्रिजच्या मागे, जिथे कॉम्प्रेसर असतो. इंटरनेटच्या राउटरखाली. आणि वरच्या मजल्यावरील त्या अरुंद कपाटात, जिथे गरम पाण्याची टाकी असते आणि तिच्या वरच्या फळ्यांवर चादरी-टॉवेल उबेला ठेवलेले असतात. या तिन्ही जागा आईने सोमवारीच पाहिल्या होत्या. तिथे काही नव्हते.

ऊब सापाला आत खेचते तशी अडवूनही धरते, याचे एक नमुनेदार उदाहरण स्वीडनमध्ये घडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन मत्स्यालयातील एक नागराज (किंग कोब्रा) आपल्या काचघराच्या छतातील दिव्याच्या खोबणीतून बाहेर पडला. आधीचा दिवा इतका तापत असे की तिकडे जाण्याची त्याची हिंमत होत नव्हती. नुकताच तिथे कमी वीज खाणारा, न तापणारा दिवा बसवण्यात आला होता. एक्स-रे यंत्रे आणून त्याचा माग भिंतींमधील पोकळीपर्यंत काढण्यात आला, आणि सुमारे आठवड्याभराने हा साप आपण होऊन काचघरात परतला. आपल्याकडे सह्याद्रीत, गोव्याच्या जंगलातही नागराज राहतो. त्याआधी मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून एक तरुण इजिप्शियन नाग नाहीसा झाला, शहरभर त्याच्या नावाने विनोद पसरले, आणि अखेर तो ज्या सर्पगृहातून निसटला होता त्याच इमारतीच्या एका अंधाऱ्या कोपऱ्यात सापडला. दोन्ही वेळा जग साप किती दूर गेला असेल याची चर्चा करत होते. तो त्याच इमारतीत होता.

(दृश्य : फोनवर बोलणारी मुलगी. खिडकीबाहेर अंधार.)

सोमवारी संध्याकाळी साताऱ्याहून आजीचा फोन आला. गावाकडे तिन्हीसांजेनंतर सापाचे नाव घेत नाहीत. त्याला लांबडं म्हणतात, आणि साप चावला तर पान लागलं म्हणतात. आजीने इतक्या वर्षांनीही तो नेम मोडला नाही. “सापडलं का गं लांबडं?” असे तिने विचारले, आणि लगेच पुढचा प्रश्न केला, “उंदीर आहेत का तुमच्या घरात? मग ते तिथंच असणार.” आयुष्यभर धान्याच्या खोलीत धामणी पाहिलेल्या बाईचा हा सल्ला अगदी बरोबर होता. या घरात उंदीर नव्हते, परंतु मक्यासाठी बर्फकप्प्यात ठेवलेले होते. त्या रात्री एक उंदीर वितळवून, कोमट पाण्याने ऊबदार करून, बारीक भोके पाडलेल्या डब्यात घालून खोलीत ठेवण्यात आला, आणि त्याच्याजवळ थर्मोस्टॅट लावलेल्या हीट मॅटवर, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईवर, सापाचा नेहमीचा आडोसा ठेवला गेला. उंदीर मोकळा ठेवला नाही, कारण खाऊन तृप्त झालेला साप पुन्हा आत शिरून आठवडाभर बाहेर येत नाही. उंदरांसाठी मिळणारे चिकट सापळे मांडण्याचा तर विचारही करू नये. त्यांत सापाची कातडी सोलली जाते. इंग्लंडमध्ये सामान्य नागरिकाने उंदरांसाठी असे सापळे वापरणे जुलै २०२४ पासून गुन्हाच आहे.

सकाळी डबा आणि आडोसा दोन्ही जसेच्या तसे होते.

मंगळवारी आईने भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना सांगितले. हे काम सर्वात अवघड होते असे ती म्हणते, पण त्यामागे व्यावहारिक कारण होते. तांबूस, पट्टेदार साप अचानक दिसला तर माणूस त्याला ब्रिटनमधील एकमेव स्थानिक विषारी साप, म्हणजे अॅडर समजून फावडे उचलू शकतो. म्हणून मक्याचे छायाचित्र आणि फोन क्रमांक असलेला कागद दोन्ही बाजूंच्या घरांत दिला गेला. परकी जात मोकाट सुटू देणे १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण क्षेत्र कायद्यानुसार येथे अपराध ठरू शकतो, आणि त्या कायद्याला आधार आहे. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरील कॉल्विन बे येथे प्राणिसंग्रहालयातून निसटलेल्या एस्क्युलेपियन सापांची वसाहत अनेक दशकांपासून टिकून आहे. बँगोर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांच्या अंगात रेडिओ बसवून माग काढला, तेव्हा हे साप लोकांच्या घरांचे पोटमाळे आणि भिंतींच्या पोकळ्या उबेसाठी वापरतात असे आढळले. घरमालकांपैकी कितीजणांना ते माहीत होते, हा वेगळाच प्रश्न.

(दृश्य : रात्र. जिन्याच्या वरच्या मोकळ्या जागेत जमिनीवर पांढरी पट्टी ओढणारे हात.)

बुधवारी रात्री प्रत्येक दारासमोर पिठाची पातळ पट्टी टाकण्यात आली. वडिलांनी प्रथम दिवाळीसाठी आणलेली रांगोळी काढली होती. मुलीने ती परत ठेवायला लावली, कारण ती दगडाची भुकटी सापाच्या नाकातोंडात जाऊ नये असे तिचे म्हणणे होते. अखेर तांदळाची पिठी वापरली गेली. भिंतीच्या कडेला चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्याही पसरल्या, म्हणजे त्यावरून काही सरकले तर रात्रीच्या शांततेत ऐकू येईल. आवाज कोणालाच ऐकू आला नाही. सगळे झोपून गेले होते.

गुरुवारी सकाळी पिठीत नागमोडी रेघ होती. ती मुलीच्या खोलीच्या आत नव्हती. बंद दाराच्या बाहेर, जिन्याच्या माथ्यावर होती.

टॉवेल जागचा हलला नव्हता. मग वडील रेडिएटरपाशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी नळाभोवतीची प्लास्टिकची चकती उचलली. फळीतील भोक नळापेक्षा बरेच मोठे होते. जुन्या घरांत गरम पाण्याचे नळ लाकडी फळ्यांखालून खोलीखोलीत फिरतात, म्हणजे आपण चालतो त्या जमिनीखाली सापासाठी अंधारा, अरुंद आणि दिवसातून दोनदा तापणारा रस्ताच तयार असतो. तीन दिवस मका बहुधा त्यांच्या पायांखाली होता.

पिठीतील रेघ गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाशी जाऊन थांबत होती. ते कपाट सोमवारी पाहून झाले होते, आणि शोधातील सर्वात मोठी चूक बहुधा इथेच होते : एकदा पाहिलेली जागा आपण मनातून पुसून टाकतो, पण साप आपली यादी पाळत नाही. यावेळी सगळे बाहेर काढले गेले. टाकीमागे काही नव्हते, नळांच्या मागे काही नव्हते, टॉवेलांत काही नव्हते. सर्वात वरच्या फळीवर आजीने जुन्या लुगड्यांची शिवून पाठवलेली गोधडी होती. तिची तिसरी घडी उलगडताना मुलीच्या हाताला काहीतरी जड आणि गुळगुळीत लागले.

(दृश्य : उलगडलेली गोधडी. तिच्या मधोमध तांबूस वेटोळे. काही क्षण निवेदन नाही.)

येथे महाराष्ट्रातील प्रेक्षकांसाठी थोडे थांबणे आवश्यक आहे. हा साप कोणता, हे या मुलीला निश्चित माहीत होते. आपल्याकडे घरात शिरलेला साप पाळलेला नसतो, कारण नागापासून धामणीपर्यंत आपले देशी साप पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आणि अंथरुणात शिरलेला साप मण्यार असू शकतो. अशा वेळी गोधडी उलगडायची नसते. खोलीतून बाहेर पडून दार लावायचे, फट बुजवायची आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे असते.

मुलीने मक्याला ओढले नाही. फटीत अडकलेल्या सापाला शेपटीने ओढले तर त्याच्या बरगड्या आणि मणके दुखावतात. तिने गोधडी जमिनीवर पसरली, दोन्ही हात त्याच्या अंगाखाली घातले आणि तो जीभ बाहेर काढून हवा चाचपू लागेपर्यंत वाट पाहिली. नळाचा चटका कुठे बसला आहे का, हे तिने खवल्यांवरून बोट फिरवत पाहिले. चटका नव्हता, फक्त कातडीवर बारीक सुरकुत्या होत्या, ज्या पाणी कमी पडल्याचे लक्षण असतात. पेटीत सोडल्यावर मका आडोशाकडे गेला नाही. त्याने पाण्याच्या भांड्यात जबडा बुडवला आणि कितीतरी वेळ तो पाणी पीत राहिला. घशाखाली उतरणारा प्रत्येक घोट बाहेरून दिसत होता.

खायला देण्यापूर्वी चार दिवस थांबायचे ठरले. वडिलांनी नळांभोवतीची भोके सिमेंटने बुजवली, काचेच्या कुलुपाची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, आणि आईने चौथ्या दिवशी कपडे धुवायला घेतले, प्रत्येक कपडा झटकून.

गोधडी मात्र तिने अजून धुतलेली नाही. आजीला काय सांगायचे, ते ठरायचे आहे.