क्रमवारीचे गुण: कुठे मिळतात, कुठे निसटतात

मंडळी, कर्लिंग म्हणजे बर्फावर दगड घसरवत नेऊन लक्ष्यवर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा खेळ. कॅनडात महिला कर्लिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेचा, म्हणजे स्कॉटीज टूर्नामेंट ऑफ हार्ट्सचा, रस्ता मुख्यतः प्रांतीय अजिंक्यपदातून जातो. प्रांतीय स्पर्धेत काही जागा पात्रता फेरीतून मिळतात, तर काही हंगामातल्या क्रमवारीवरून. प्रत्येक प्रांताचं प्रमाण वेगळं असतं. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या वाटेबद्दल, कारण इथे चांगले संघसुद्धा हिशेबात चुकतात.

पहिला गैरसमज असा की जास्त सामने जिंकले की जास्त गुण. तसं नाही. स्पर्धेत उतरलेले संघ किती तगडे आहेत, यावरून त्या स्पर्धेचा एक गुणक ठरतो. वरच्या क्रमांकाचे संघ जितके जास्त, तितका गुणक मोठा. मग तुम्ही कितव्या स्थानावर संपवलंत, त्याला या गुणकाचं वजन मिळतं. आकडे निव्वळ हिशेबापुरते घेऊ: विजेतेपदाचे 8 आणि उपांत्यपूर्व फेरीचे 3. गुणक 2 असलेली छोटी स्पर्धा जिंकली तर 16 मिळतात. गुणक 6 असलेल्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत हरलात तरी 18! पण तिथे बाद फेरीच गाठली नाही, तर प्रवास, प्रवेशशुल्क आणि हातात जवळजवळ काहीच नाही. म्हणून नव्या संघाने हंगामाची सुरुवात मधल्या वजनाच्या स्पर्धांनी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बऱ्याच स्पर्धा तीन पराभवांनंतर बाद करणाऱ्या पद्धतीच्या असतात. सुरुवातीलाच एक सामना गेला की पुढच्या गटात ढकलले जाता, तिथून बाद फेरी गाठायला जास्त सामने लागतात आणि शेवटच्या दिवशी, रविवारी, दगडापुढचा बर्फ घासायला ब्रश दाबायचा तर खांद्यात जोर उरत नाही. गुण निसटतात ते बहुधा इथे.

खेळाडू बदलतानाही जपा. चारपैकी तिघी कायम राहिल्या तरच संघाचे गुण टिकतात, असा सर्वसाधारण नियम आहे. हंगामाच्या मध्यात दोघी बदलल्या, तर मेहनत शून्यावर येऊ शकते.

या गुणांची ताकद पाहायची तर 2018 चं पेंटिक्टन आठवा. त्या वर्षी मॅनिटोबाचं अजिंक्यपद जेनिफर जोन्सच्या संघाकडे होतं. त्याच प्रांतातला केरी आयनरसनचा संघ क्रमवारीच्या जोरावर वाइल्ड कार्ड सामन्यापर्यंत, म्हणजे प्रांत न जिंकलेल्या संघांसाठी ठेवलेल्या एका जागेच्या लढतीपर्यंत, आला, तो जिंकून मुख्य स्पर्धेत शिरला आणि थेट अंतिम फेरीत जोन्सच्याच समोर उभा राहिला. जोन्सचा संघ जिंकला, पण प्रांत हरलेला संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला होता!

गुण दारापर्यंत नेतात. आत गेल्यावर सेंटिमीटर मोजले जातात. मोठ्या स्पर्धांत सामन्याआधी दोन वेगळ्या खेळाडू एकेक दगड बटणावर, म्हणजे लक्ष्यवर्तुळाच्या मध्यावर, थांबवायचा प्रयत्न करतात, एकीची फिरकी घड्याळाच्या दिशेने, दुसरीची उलट. मध्यबिंदूपासूनची दोन्ही अंतरं मिळवतात. बेरीज कमी असलेल्या संघाला पहिल्या एंडमध्ये, म्हणजे पहिल्या डावात, शेवटचा दगड, म्हणजे हॅमर, मिळतो. साखळीत विजय सारखे झाले आणि आपसातल्या सामन्यांनीही निकाल लागला नाही, तर याच मोजमापांच्या सरासरीवर क्रम लागतो. जागतिक नियमांत हाऊसबाहेर, म्हणजे लक्ष्यवर्तुळाबाहेर, थांबलेल्या दगडाला 199.6 सेंटिमीटर धरतात. एक दगड 12 सेंटिमीटरवर आणि दुसरा हाऊस ओलांडून गेला, तर बेरीज 211.6. असे दगड वारंवार पडले तर आठवड्याची सरासरी बिघडते.

चूक बहुतेकदा वेगाची असते. ताजा पेबल, म्हणजे पाण्याचे गोठलेले बारीक थेंब, शिंपडलेला बर्फ सुरुवातीला जड, म्हणजे दगडाला मंद करणारा, असतो, पेबल झिजला की दगड जास्त पळतो. काल रात्रीच्या बर्फाचा अंदाज डोक्यात ठेवून सकाळी दगड सोडला तर तो आखूड पडतो. म्हणून सरावात दोन्ही फिरक्यांचे दगड त्याच शीटवर (बर्फाच्या पट्टीवर), ब्रशने दाखवलेल्या त्याच खुणेवर टाका, दोन्ही हॉग रेषांमधला (पट्टीच्या दोन्ही टोकांकडच्या आडव्या रेषांमधला) वेळ स्टॉपवॉचने घ्या, आणि ते आकडे स्वीपर्सना, म्हणजे ब्रशने बर्फ घासणाऱ्या खेळाडूंना, मोठ्याने सांगा. शेवटच्या काही फुटांत दगड बटणावर न्यायचं काम त्यांचंच असतं.