शाळेचा पट, बोटावरची शाई आणि गायब झालेली एक कोटी मुलं

मतदान केल्यावर बोटाला शाई लावतात ना, तीच शाई ऑक्टोबर 2011मध्ये महाराष्ट्रात शाळेतल्या पोरांच्या बोटाला लावली होती. खरंच! राज्यभर तीन दिवस पटपडताळणी चालली होती. एकच मूल आज या शाळेत आणि उद्या त्या शाळेत ‘हजर’ दिसू नये, म्हणून शाई. कागदावरची जवळपास 20 लाख मुलं वर्गात सापडलीच नाहीत.

बोगस पट कशासाठी? पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर ते, आणि वर पोषण आहाराचा तांदूळ. आकडा फुगवण्यात फायदाच फायदा.

आता देशाकडे बघू. यू-डायस प्लस या केंद्र सरकारच्या शाळांच्या माहिती-प्रणालीत 14 लाखांहून जास्त शाळा माहिती भरतात. 2021-22पर्यंत शाळा नुसत्या बेरजा द्यायच्या : पाचवी, मुली इतक्या, मुलगे इतके. 2022-23पासून प्रत्येक मुलाची नावानिशी नोंद सुरू झाली आणि 26 कोटींच्या वरचा पट एकदम 25 कोटींवर आला. एका वर्षात एक कोटीहून जास्त मुलं कमी! केंद्रीय शिक्षण मंत्रालय म्हणालं, पद्धत बदललीय, जुन्या आकड्यांशी तुलना करू नका. मला हे पटतं. पण मग आधीच्या बेरजांवर आपण इतकी वर्षं काय काय आखत होतो?

नावानिशी नोंदीचा खरा उपयोग बीडसारख्या जिल्ह्यात आहे. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर पोरंही जातात. सप्टेंबरच्या बेरजेत ती शाळेत, डिसेंबरात उसाच्या फडावर. रोजची हजेरी नावानिशी असेल, तर तीच मुलं दरवर्षी त्याच आठवड्यात गायब होतात हे स्पष्ट दिसतं. मग या मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची तयारी दसऱ्याआधीच करता येते. यासाठी फार भारी गणित लागत नाही, हजेरी खरी लागते.

आणि मूल वर्गात आहे म्हणजे त्याला वाचता येतं असं थोडंच आहे? ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाचे कार्यकर्ते गावोगावी घरी जाऊन मुलाच्या हातात कागद देतात आणि म्हणतात, वाच. 2024मध्ये ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी जवळपास 49 टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला.

आता हा सगळा डेटा भरतं कोण? गुरुजी आणि बाई. तुम्ही शिक्षक असाल तर खाली लिहा : गेल्या आठवड्यात माहिती भरण्यात किती तास गेले, आणि त्यातली कुठली माहिती तुमच्याच वर्गाच्या कामी आली?