प्रबंध शेवटाकडून वाचा

नमस्कार मंडळी! समजा, तुमचा विषय ठरलाय: १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना. गूगलवर टाकलंत की काय येतं? बातम्या आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्स. प्रबंधात यांच्यावर विसंबून चालणार नाही.

मग शोधगंगा उघडा. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे ऑनलाइन भांडार. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध इथे फुकट वाचायला मिळतात. प्रबंध उघडला की प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ दिसते. सगळे पहिलं प्रकरण उघडतात. तुम्ही शेवटाकडे जा, संदर्भसूची उघडा. कुणीतरी वर्षानुवर्षं ग्रंथालयं पालथी घालून ती केलेली असते. तीन प्रबंधांच्या सूच्या शेजारी ठेवा. जे नाव तिन्हीकडे आहे, ते आधी मिळवा.

आणि आकडा दिसला की लगेच उतरवू नका, हे मी कळकळीने सांगतेय. एका प्रबंधात वाचलं, 'योजनेवर इतके कोटी मजूर'. तळटीप दुसऱ्या प्रबंधाची, त्याची तळटीप तिसऱ्याची. असं मागे जात राज्याच्या 'आर्थिक पाहणी'पर्यंत पोचलात, तर तिथे असू शकतं 'मनुष्यदिवस'. शंभर दिवस राबलेली एक बाई म्हणजे शंभर मनुष्यदिवस! एक शब्द गळला की अख्खं प्रकरण चुकतं. तारखांचंही तेच. योजना राज्यभर आली १९७२मध्ये, कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. 'सुरू झाली' म्हणताना तुम्ही यातलं काय म्हणताय?

आता जर्नल, म्हणजे शोधनिबंध छापणारी नियतकालिकं. २०१३मध्ये विज्ञानपत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका पेरलेला बनावट शोधनिबंध ३०४ मुक्त (म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांकडे पाठवल्याचं प्रसिद्ध केलं. १५७ जणांनी तो स्वीकारला! त्यामुळे 'तीन दिवसांत छापून देतो, फी पाठवा' असा मेसेज आला तर तिथे छापूही नका, तिथला संदर्भही घेऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नलांची 'केअर' यादी २०२५मध्ये बंद झाली, आता पारख आपल्यालाच करायचीय. संपादक मंडळातली दोन नावं त्यांच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर शोधा. तिथे त्यांनी या जर्नलचा उल्लेख केलाय का, बघा.

चांगलं जर्नल लेख वाचायला पैसे मागतंय? थांबा, भरू नका. जानेवारी २०२५पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० ई-जर्नल खुली झालीत. तुमची संस्था त्यात आहे का, लॉगिन कसं मिळेल, हे उद्याच ग्रंथपालांना विचारा. जाताना तिन्ही संदर्भसूच्यांत सापडलेली नावं कागदावर लिहून न्या.