आभासी जगातला स्पर्श आणि हातातला ताबा

श्रोतेहो, नमस्कार.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढताना कारागीर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवतो, तेव्हा त्याचा कान तारेकडे असला तरी हात कुठे थांबवायचा हे त्याला बोटांना जाणवणारी खरखरच सांगत असते. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून आभासी जगात शिरणाऱ्या माणसाला नेमकी हीच खरखर मिळत नाही. समोर पेला दिसतो, बोटे मिटतात, पेला उचललाही जातो; पण बोटांना काहीच न लागल्यामुळे तो आपणच उचलला हे मनाला पुरते पटत नाही.

याचे कारण मेंदूच्या कामाच्या रीतीत आहे. हात हलवतानाच त्या हालचालीतून काय जाणवेल याचा अंदाज मेंदू बांधून ठेवतो आणि प्रत्यक्ष संवेदना त्याच्याशी जुळली, की ती 'माझी कृती' ठरते. आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर त्या होत नाहीत, ते यामुळेच. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेंदूच्या अभ्यासक सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या डाव्या हाताची हालचाल यंत्रामार्फत त्याच्याच उजव्या तळव्यावर पोहोचवली आणि मध्ये मुद्दाम विलंब घातला. हा विलंब २०० मिलिसेकंदांपर्यंत वाढवत नेला, तसतसा स्वतःचाच स्पर्श अधिक गुदगुल्या करणारा, म्हणजे जणू परक्याचा वाटू लागला.

म्हणून स्पर्श किती जोरकस आहे यापेक्षा तो वेळेवर येतो का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. चित्र सेकंदाला ९० वेळा बदलले तरी डोळ्यांचे भागते. हाताला खराखुरा विरोध करणाऱ्या उपकरणाला मात्र सेकंदाला सुमारे १००० वेळा हिशेब करावा लागतो, नाहीतर टणक भिंत लिबलिबीत लागते किंवा थरथरते. हातात धरायच्या साध्या कंट्रोलरमधली कंप देणारी मोटर तर हाताला अडवूच शकत नाही. तरीही तिची क्षणभराची, पण वेळेवरची टिचकी पुष्कळ काम करून जाते.

मात्र ताब्याची जाणीव म्हणजे ताबा नव्हे. यंत्राने आपली चुकलेली हालचाल गुपचूप सावरली आणि टिचकी वेळेवर दिली, तर त्याचे श्रेय आपण सहज स्वतःकडे घेतो. खेळात हे खपून जाईल; पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सिम्युलेटरवर सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ 'जमले का?' असे विचारून भागणार नाही, तर टाका ओढताना त्याने किती जोर लावला आणि यंत्राने त्याला किती वेळा सावरले, या दोन्ही नोंदी शिक्षकाला तपासाव्या लागतील.