गाभोळीची मासोळी कोणी सोडायची?

नमस्कार श्रोतेहो.

मृग बरसला, नाले वाहू लागले आणि रस्त्याच्या कडेला टबात मासोळ्या घेऊन बसलेल्या बायाही दिसू लागल्या. पोट टम्म फुगलेली रोहू दिसली की गिऱ्हाईक थांबतं. "गाभोळी हाये का?" म्हणजे पोटात अंडी आहेत का, हा पहिला प्रश्न. भाव त्यानंतर. आज मला त्याच मासोळीबद्दल बोलायचं आहे. अंड्यावर आलेली मासोळी हाती लागली तर ती सोडायची की नाही? आणि सोडायची, तर कोणी सोडायची? हा दुसरा प्रश्न ध्यानात ठेवा. सोडायची, तर कोणी?

आधी थोडी माहिती. आपल्या वैनगंगेतल्या रोहू, कतला, मृगळ या मासोळ्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं, वाहतं, नवं पाणी लागतं. म्हणून पहिल्या मोठ्या पावसात त्या धारेच्या उलट चढतात आणि नुकत्याच बुडालेल्या उथळ जमिनीवर अंडी सोडतात. एक किलोच्या रोहूच्या पोटात ढोबळमानानं २ ते ३ लाख अंडी असतात. पुन्हा सांगतो, एका किलोमागे २ ते ३ लाख. त्यातली बहुतेक वाया जातात, दुसरे मासे खातात, पाणी ओसरलं की सुकतात. जी थोडी उरतात, त्यांच्यावर पुढच्या सालची नदी भरते.

काही जण म्हणतात, आता हॅचरीत, म्हणजे माशांच्या कृत्रिम प्रजनन केंद्रात, बीज म्हणजे पिल्लं मिळतात, मग नदीतल्या एका मासोळीचं एवढं काय? हॅचरीचं काम मोठंच आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प, म्हणजे रोहू-कतलाच्या कुळातल्या, माशांकडून अंडी घालवून घेतली. म्हणूनच १० जुलै हा आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन आहे. पण हॅचरीत त्याच त्या घरातल्या मासोळ्या पिढ्यान् पिढ्या वापरल्या तर वाण कमजोर पडतो. तेव्हा ताजं, दमदार रक्त आणायचं कुठून? नदीतूनच. नदीत उरलं असेल तर.

आता गोष्ट सांगतो.

भंडारा जिल्ह्यातलं एक गाव. गावाला मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव. या तलावांचा विषय निघाला की मला राहवत नाही. कोहळी लोकांनी जमिनीचा उतार ओळखून हे तलाव बांधले, धानाच्या बांध्या त्यावर पोसल्या. आज निधी आला की पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, झाडं तोडून पेव्हर ब्लॉक बसवतात, बाकडी मांडतात, आणि पोटातला गाळ तसाच राहतो. माझं स्पष्ट मत आहे, आधी गाळ काढा. बाकडी कधीही बसवता येतील. असो.

तर त्या रात्री पाऊस असा कोसळला की पहाटेच सांडव्यावरून पाणी पडू लागलं. खालच्या नाल्यातून मासोळ्या वर चढत होत्या. दगडांवरून पाणी फेसाळत खाली येतंय आणि त्यातून काळ्या पाठी वर सरकताहेत. सारं गाव तिथं लोटलेलं. पोट्ट्यांच्या हातात काठ्या, कोणाकडे जुनी मच्छरदाणी, कोणाकडे युरियाचं रिकामं पोतं. मासोळी दगडावर अडकली की काठी बसायची. आरडाओरडा, हसणं, चिखल.

या सगळ्यापासून जरा बाजूला गावातले सगळ्यात जुने ढिवर, म्हणजे मासेमार, जाळं घेऊन मांडीभर पाण्यात उभे होते. सगळे त्यांना आबाजी म्हणत, मीही म्हणायचो. त्यांनी जाळं टाकलं, ओढलं, आणि ओढता ओढता थांबले. मला हाक मारली.

"ये बाबू, हे पाहा."

जाळ्यात रोहू होती. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी, आणि पोट दोन्ही अंगांनी फुगलेलं. आबाजींनी तिला पाण्याबाहेर काढलीच नाही. जाळं पाण्यातच ठेवलं, खालून तळहात लावला. मी हात पुढे केला तर म्हणाले, "पहिले हात वला कर. सुक्या हातानं धरलं का अंगावरची बुळबुळ निघते, मंग तिले रोग लागते."

मी हात भिजवला. त्यांनी माझं बोट धरून तिच्या गालफडाच्या मागच्या पंखावरून फिरवलं.

"खरबडीत लागते का?"

"नाही जी, गुळगुळीत आहे."

"मंग मादी. नराचा पंख या दिवसात खरबडीत राह्यते."

त्यांनी लगेच जाळ्यातला दुसरा मासा माझ्या हाताखाली दिला. त्याचा पंख खरंच कानसासारखा लागला. पुढे मत्स्यशाळेतल्या माणसांना विचारलं, तर तेही बीजोत्पादनाच्या वेळी नर-मादी अशीच ओळखतात. मादीच्या पोटाला आबाजींनी नुसता अंगठा टेकवला, दाबला नाही. तरी दोन-चार अंडी बाहेर आली, लालसर, आरपार दिसणारी, आणि पाण्यात गेली. "पिकली हाये," ते म्हणाले. "आज रातच्याले टाकते."

तेवढ्यात पाळीवर एक जीप थांबली. तालुक्याहून आलेला ठेकेदार. त्यानं वरूनच विचारलं, "आबाजी, ते मोठी कितीले देता? गाभोळीसकट पाहिजे मले, घरी पाव्हणे हायेत."

"हे नाही जी. हे चढणीवर हाये. दुसऱ्या देतो."

त्यानं बाजारापेक्षा दुप्पट भाव सांगितला. आबाजींनी मान हलवली. मग तिप्पट. तेव्हा बाजूची पोट्टीही काठ्या थांबवून पाहू लागली. आबाजींनी नातवाला घमेलं आणायला सांगितलं, त्यात पाणी घेतलं, मासोळी त्यात अलगद सरकवली, वरून ओलं फडकं टाकलं, आणि घमेलं घेऊन थेट पाळीवर चढले. खाली काठ्या होत्या, म्हणून खाली सोडली नाही. तलावाच्या अंगाला गेले, जिथं वरच्या शेतातलं नवं पाणी तलावात येत होतं, तिथं पाण्यात बसले. दोन्ही हातांनी तिला धरून तिचं तोंड धारेकडे केलं आणि तसेच बसून राहिले. मासोळी आधी निपचित होती. मग कल्ले जोरानं हलू लागले. मग तिनं शेपटीचा असा फटका दिला की आबाजींच्या तोंडावर पाणी उडालं, आणि गेली.

एका पोट्ट्यानं विचारलं, "आबाजी, वर कोणी मारली तं?"

"मारल तं मारल. पुढच्या साली जाळं मलेच टाकाचं हाये इथं." मग त्यांनी पोट्ट्यांशी सौदा केला. दोन दिवस सांडव्याच्या वरच्या अंगाला कोणी काठी चालवायची नाही. पाणी उतरलं की खालच्या डोहात सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं आणि वाटा सारखा करायचा. पोट्टी कबूल झाली, कारण काठीनं दगडांवर मासोळ्या मारण्यापेक्षा त्यात जास्त हाती लागणार होतं.

गोष्ट इथंच संपली असती तर मी ती इतक्यांदा सांगितली नसती. आबाजींची सून पाळीवर टोपली घेऊन उभी होती. ती सगळ्यांसमोर बोलली. "घरात तेलाची बाटली उलटी करून ठेवली हाये, अन् मामाजी तिप्पट भावाची मासोळी सोडून रायले."

कोणी काही बोललं नाही. ठेकेदाराची जीप निघून गेली. संध्याकाळी मी आबाजींना म्हटलं, सून फार बोलली. ते म्हणाले, "तिचं बरोबर हाये. सोडाची तं दरसाल मीच काहून सोडाची? त्या जीपवाल्यानं मांगूच नये ना."

श्रोतेहो, त्यानं मागूच नये. माझं आजचं सगळं म्हणणं हेच आहे.

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. उत्तरेकडच्या थंड देशांत सॅमन नावाचा मासा आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. नदीत शिरला की खाणं जवळजवळ बंद करतो, अंगातल्या चरबीवरच चढत राहतो. पॅसिफिक महासागरातले सॅमन एकदाच अंडी घालतात आणि मरतात. अटलांटिकमधले काही वाचतात आणि पुन्हा येतात. तिथं हौसेनं गळ टाकणारे पुष्कळ. पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून १ एप्रिलच्या आधी धरलेला सॅमन सोडावाच लागतो, असा कायदाच आहे. उलट स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून सोडून देण्याच्याच बेतानं गळ टाकायला बंदी आहे, कारण खेळासाठी जिवाला त्रास द्यायचा नाही.

कोणी म्हणतं, पॅसिफिकचा सॅमन अंडी घालून मरणारच आहे, मग धरला तर काय बिघडलं? मला हे अजिबात पटत नाही. आयुष्यात एकदाच ज्याची वेळ येते, त्याची ती वेळ हिरावून घेणं जास्त वाईट. आपली रोहू निदान पुढच्या साली पुन्हा अंड्यावर येते. त्या सॅमनला पुढचं साल नाही. गळाशी झुंजण्यात जी ताकद जाते, ती त्याला परत मिळत नाही, कारण तो खात नाही. पाणी तापलेलं असेल तर सोडलेला मासाही नंतर मरतो. म्हणून अंड्यावर आलेल्या माशासाठी हौसेखातर गळ टाकून मग तो सोडला, याला मी दया म्हणणार नाही. त्या दिवसांत हौशी माणसानं गळ टाकूच नये. आबाजींची गोष्ट वेगळी. ते पोटासाठी पाण्यात उतरले होते, मासोळी जाळ्यात आपसूक आली, आणि त्यांनी स्वतःचं नुकसान करून सोडली. हौस आणि पोट, दोन्हीला एकच नियम लावू नका.

याच जोडीला एक सांगून ठेवतो. बाजारातून जिवंत मासोळ्या आणून पुण्य म्हणून नदीत सोडायची पद्धत वाढली आहे. कृपा करून तसं करू नका. त्या कुठल्या तळ्यातल्या, कुठल्या जातीच्या, कोणता रोग घेऊन आलेल्या, काही ठाऊक नसतं.

पुन्हा मूळ प्रश्नावर येतो. सोडायची, तर कोणी? समुद्रावर आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बांगलादेशात हिलसा अंड्यावर येतो तेव्हा ऑक्टोबरच्या सुमाराला २२ दिवस मासेमारी बंद ठेवतात, आणि त्या दिवसांत कोळ्यांच्या कुटुंबांना सरकार तांदूळ देतं. मला यातला तांदूळ महत्त्वाचा वाटतो. नुसती बंदी घातली की भार पडतो तो जाळंवाल्यावर. तांदूळ दिला की तो भार थोडा सगळ्यांच्या खांद्यावर येतो.

वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्दची भिंत उभी राहिली. १९८८ मध्ये तिचा पाया घातला. त्या भिंतीला खालून आलेली मासोळी ओलांडू शकत नाही. मोठ्या नदीचा रस्ता असा बंद झाला, म्हणून छोटे नाले आणि मामा तलावांचे सांडवे आता जास्त मोलाचे आहेत. तिथं पहिल्या पुराच्या रात्री काय होतं, यावर बरंच ठरतं. नाल्यात विष कालवणं आणि सुरुंग लावणं याला तर १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे, तरी उन्हाळ्यात डोहात ते चालतं. गावानं ते डोळ्यांदेखत चालू देऊ नये.

खाणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. आषाढ सरेपर्यंत गाभोळी मागू नका. पाहुण्यांसाठीही मागू नका. बाईकडून दुसरी मासोळी घ्या आणि घासाघीस करू नका. गाभोळीला जादा भाव मिळेनासा झाला की ती सोडणाऱ्या ढिवराचं नुकसान आपोआप कमी होतं.

आणि तलावाचा ठेका देणाऱ्यांना, मत्स्य सहकारी संस्थांना एक सुचवतो. ठेक्याच्या कागदातच लिहा की पहिल्या पुराचे दोन-तीन दिवस सांडव्यावर आणि तलावात येणाऱ्या नाल्यावर कोणी जाळं, काठी, पोतं चालवणार नाही. आणि त्या दिवसांची रक्कम ठेक्यातून वजा करा. वजा करण्याचं कलम त्याच कागदावर, त्याच दिवशी लिहून घ्या. तोंडी ठेवू नका. ढिवर बांधवांनो, सहीच्या आधी ते वाचून घ्या.

नमस्कार.