पट्टीवरचे नाव आणि फांदीवरचे फूल

कॅमेलियाच्या या झाडाला लटकलेल्या जस्ताच्या पट्टीवर 'लाव्हिनिया माज्जी' असे नाव कोरलेले आहे. १९व्या शतकात इटलीत तयार झालेल्या या वाणाच्या फिकट पाकळ्यांवर गुलाबी आणि किरमिजी पट्टे असतात. हातातले हे फूल मात्र गडद गुलाबी असून त्यावर एकही पट्टा नाही. तरीही जुनी पट्टी अजून काढलेली नाही, आणि ओळख पटेपर्यंत ती काढू नये हेच योग्य आहे.

ओळख पटवण्याचे काम फुलापासून सुरू होते. नुकतेच पूर्ण उमललेले फूल निवडून, शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याचे समोरून, बाजूने आणि मागून छायाचित्र घेतले जाते, कारण दोन-चार दिवसांत रंग उतरतो आणि पाकळ्यांची ठेवणही बदलते. मग रचना पाहायची: फूल एकेरी आहे, निमदुहेरी आहे, की या फुलाप्रमाणे कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या पाकळ्यांचे आणि पुंकेसर अजिबात न दिसणारे पूर्ण दुहेरी आहे. पानाची दंतुर कड, कोवळ्या डहाळीवरची लव आणि बहराचा काळ यांचीही नोंद होते. पलीकडच्या वाफ्यातील एकेरी फूल उभे चिरले, की आतला अंडाशय दिसतो. जॅपोनिका आणि ससान्क्वा या कॅमेलियाच्या दोन प्रजाती; जॅपोनिकात तो गुळगुळीत असतो, ससान्क्वात लवदार. जमिनीवरचा सडाही साक्ष देतो, कारण ससान्क्वाच्या पाकळ्या सुट्या गळतात, तर जॅपोनिकाची एकेरी फुले बहुधा अखंड पडतात.

आता खोडाच्या बुंध्याकडे पाहू. कलम केलेल्या झाडात सांध्याखालून खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या झाडाचा, फुटवा वाढतो, हळूहळू वरच्या वाणाला मागे टाकतो, आणि पट्टी तीच राहून झाड बदलते. येथे तसा फुटवा नाही. पाकळ्यांवरचे पांढरे ठिपकेही फसवतात: कलमातून पसरणाऱ्या विषाणूमुळे एकरंगी वाण डागाळतो आणि वेगळाच भासू लागतो.

उत्तर शिडीवरून मिळाले. झाडाच्या मागच्या बाजूच्या एका बारीक डहाळीवर एक पट्टेदार फूल उमललेले आहे. एखाद्या फांदीत अचानक जनुकीय बदल होऊन तिला वेगळ्या रंगाची फुले येतात. बागकामात अशा फांदीला स्पोर्ट म्हणतात, आणि 'लाव्हिनिया माज्जी'वर एकरंगी फांद्या फुटतात हे परिचित आहे. जोमदार एकरंगी फांद्यांनी मूळ वाण झाकून टाकला होता; पट्टी बरोबरच होती.

नावाची अखेरची पडताळणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅमेलियाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत होते. एकाच वाणाला वेगवेगळ्या देशांत मिळालेली नावे तिच्यात एकत्र सापडतात. या वाणाचे तेथील पूर्ण नाव 'कोन्तेस्सा लाव्हिनिया माज्जी' असे आहे, आणि नव्या पट्टीवर बागेतील नोंद क्रमांकासह तेच कोरले जात आहे. चुकीच्या नावाने काढलेली कलमे पुढे अनेक बागांत तीच चूक नेतात. पट्टीची तार सैल ठेवली आहे, कारण घट्ट तार वाढत्या फांदीत रुतते. जुनी पट्टी त्याच क्रमांकाच्या पाकिटात जपली जाईल.

शेजारच्या झाडाची ओळख अजून पटलेली नाही. त्याच्या पट्टीवर क्रमांक आहे, आणि पुढे लिहिले आहे: नाव अनिश्चित, पुढील बहरात पुन्हा पाहणे.